बाबाच्या पायातून काढलेला रॉड आता लॅबमध्ये तपासता येते काय?

पऱ्हाटीवाला

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा, आणि माहीत असेल तेवढंच सांगा. उगाच नागपूरले चालले जा असं नका सांगू, तिथं तर शेवटी जाऊच.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. दोन वर्षांपूर्वी बाबा वावरातून गाडीवर येऊन राहिले होते, सांजच्याला रोही (नीलगाय) आडवा आला आणि बाबा गाडीसकट नालीत. नडगीचं हाड मोडलं. प्रायव्हेट दवाखान्यात आत रॉड टाकला, वर दोन खाली दोन असे चार स्क्रू. सहा महिने चांगले गेले, मग घोट्याच्या वर जिथं खालचा स्क्रू होता तिथं तिळाएवढं छिद्र पडलं आणि त्यातून पिवळं पाणी येणं सुरू झालं. आठ दिवस बंद राहते, पुन्हा फुटते. दर वेळी गावातल्या डॉक्टरनं पाच पाच दिवसाच्या गोळ्या देल्ल्या, कधी इंजेक्शन, पाणी सुकलं की आम्ही पण खूश. असं दीड वर्ष काढलं, आता वाटते चूकच केली.

मग पोळ्याच्या आदल्या दिवशी रॉड काढला. हाड जुळलं आहे म्हणाले, रॉड निघाला की पाणी आपोआप बंद होईन. ऑपरेशन झाल्यावर सिस्टरनं एक पन्नी माझ्या हातात देल्ली, आत रॉड आणि चार स्क्रू, "हे घ्या तुमचं सामान, सांभाळून ठेवा." मी पण घेतलं, काय करणार. घरी आल्यावर मायनं तो रॉड निरम्यानं घासला, गरम पाण्यात टाकला, उन्हात वाळवला आणि पेपरात गुंडाळून अलमारीत ठेवला, पासबुकांच्या बाजूला. स्क्रू एका डबीत. तिचं म्हणणं असं की एवढे पैसे देल्ले त्याचे, टाकायचं काऊन.

आता दोन महिने होत आले, सोयाबीनची सोंगणी पण झाली, आणि पायातून पाणी अजून येऊनच राहिलं. तेव्हा पसाचा स्वॅब पाठवला होता त्याचा रिपोर्ट "नो ग्रोथ" आला. आम्ही समजलो इन्फेक्शन नाही. परवा यवतमाळच्या दुसऱ्या डॉक्टरले दाखवलं तर त्यानं पहिला प्रश्न हाच केला, इम्प्लांटचं (म्हणजे त्या रॉडचं) कल्चर, म्हणजे जंतू उगवून पाहायची तपासणी, केलं होतं काय? मी म्हणलं इम्प्लांट तर घरी आहे सर. त्यानं माझ्याकडं असं पाह्यलं की मी गप्पच झालो.

तर प्रश्न असा, तो रॉड आता कुठल्या लॅबमध्ये नेऊन तपासता येते काय? नेला तर कशात न्यायचा, भाचा म्हणते डेटॉलमध्ये बुडवून ने. आणि नो ग्रोथ म्हणजे इन्फेक्शन नाही असंच ना? मग पाणी काऊन येते?

अगारप्लेट

भाऊ, डेटॉलवाल्या भाच्याले आधी बाजूला बसवा 😀

मी 14 वर्षांपासून मायक्रोबायोलॉजीच्या बेंचवर काम करून राहिलो, विदर्भातच. सरळ सांगतो, तो रॉड आता कुठं नेऊ नका. त्याच्यावर जे काही होतं ते निरम्यानं आणि गरम पाण्यानं गेलं, आणि आता त्याच्यावर जे उगवेल ते पेपरावरचं, अलमारीतलं, नाहीतर तुमच्या हातावरचं असेल. लॅबवाल्यानं चुकून घेतला आणि काही उगवलं तर ते जास्त वाईट, कारण डॉक्टर त्या रिपोर्टवर औषध देईल आणि बाबा नसलेल्या जंतूचं औषध दोन महिने खातील.

आता पाणी काऊन येते. तुमच्या घरी रांजण असेल, नाहीतर ढोरांच्या पाण्याचा हौद. आतून हात फिरवला की बुळबुळ लागते ना? नुसतं पाणी ओतून ती जात नाही, घासावी लागते. धातूवर जंतू असेच बसतात, स्वतःभोवती चिकट थर करून, त्याले बायोफिल्म म्हणतात. त्या थरात ते सुस्त पडून राहतात, वाढ हळू, त्यामुळं गोळ्यांचा असर नाही होत. गोळी खाल्ली की थराच्या बाहेर फिरणारे मरतात, पाणी सुकते, तुम्ही खूश होता. कोर्स संपला की थरातून पुन्हा बाहेर. दीड वर्ष तुमच्याकडं हेच चालू होतं.

आणि स्वॅबचं म्हणाल तर छिद्राच्या तोंडावर कापूस फिरवून जे येते ते बरेचदा चामडीवरचं असते, नाहीतर काहीच नसते, कारण गोळ्या चालू. जे गुन्हेगार आहेत ते आत धातूले आणि हाडाले चिकटून बसले, ते कापसाच्या बोळ्यावर कायले येतील? आमच्या बेंचवर हाडाच्या केसमध्ये स्वॅब आला की आम्ही करतो, करावाच लागतो, पण मनात आमचं उत्तर ठरलेलं असते.

खरी पद्धत अशी. रॉड काढतानाच, ओटीमध्येच म्हणजे ऑपरेशनच्या खोलीतच, त्याच्या आजूबाजूचे मांसाचे आणि हाडाचे तुकडे घ्यायचे, एक नाही, पाच जागचे पाच. प्रत्येक तुकडा वेगळ्या निर्जंतुक डबीत, आणि दर वेळी वेगळा चिमटा वेगळी ब्लेड. पाच काऊन तर एखाद्या डबीत हवेतला, चामडीवरचा जंतू पडू शकते, पण तोच जंतू दोन वेगवेगळ्या डब्यांत सापडला तर तो तिथलाच राहणारा, पाहुणा नाही. आणि रॉड किंवा स्क्रू तपासायचा असेल तर तो पन्नीत नाही, हवाबंद निर्जंतुक डब्यात थेट लॅबले. पन्नीले बारीक छिद्र असतात, गळते, बाहेरचं आत जाते.

आमच्याकडं काही ठिकाणी सोनिकेशन पण करतात. सोनार जुने दागिने मशीनच्या पाण्यात टाकून धुतो, चष्म्याच्या दुकानात पण असते ते, त्याच जातीचं मशीन. इम्प्लांट डब्यात, त्यात रिंगर सोल्यूशन, आधी हलवायचं, मग साधारण 5 मिनिटं अल्ट्रासाउंडच्या लहरी, मग पुन्हा हलवायचं, चिकटलेला थर सुटून पाण्यात येते आणि त्या पाण्याचं कल्चर लावायचं. 2007 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मेयो क्लिनिकवाल्यांचा अभ्यास आला होता, आपल्या नागपूरचं मेयो नाही, अमेरिकेतलं. 331 जणांचे काढलेले गुडघ्याचे आणि खुब्याचे कृत्रिम सांधे तपासले. ज्यांना खरंच इन्फेक्शन होतं त्यातले टिश्यू म्हणजे मांसाच्या तुकड्यांच्या कल्चरनं 60.8 टक्के पकडल्या गेले, सोनिकेशनच्या पाण्यानं 78.5 टक्के. आणि ज्यायनं ऑपरेशनच्या आधी 14 दिवसांत अँटिबायोटिक घेतलं होतं त्यायच्यात तर फरक अजूनच मोठा, 45 टक्के आणि 75 टक्के.

तर तुमचं "नो ग्रोथ" म्हणजे "आम्हाले जे पाठवलं त्यात काही उगवलं नाही", एवढंच. बाबाच्या पायात काही नाही असं त्यात कुठंच लिहिलेलं नसते.

बारदाना

@पऱ्हाटीवाला तुम्ही एकटे नाही भाऊ. माझ्या साळ्याच्या मांडीत प्लेट होती, ती काढली तेव्हा ऑपरेशनवाल्या डॉक्टरनं नीट तुकडे घेतले, मला स्वतः बोलावून सांगितलं हे अर्जंट कल्चरले न्या. डबी माझ्याकडं देल्ली, मी वाशिमहून गाडी करून अकोल्याले नेली, उन्हातान्हात, डबी मांडीवर. लॅबच्या पोरीनं झाकण थोडं ढिलं केलं, वास आला आणि ती म्हणाली काका हे तर फॉर्मलिन आहे. ओटीतल्या कोण्या पोट्ट्यानं सवयीनं फॉर्मलिनची डबी पुढं केली होती, जी गाठीची तपासणी करायले वापरतात ती. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मेलेल्याचं काय उगवणार? साळ्याची मांडी उघडून घेतलेला तुकडा, गाडीभाडं, सगळं पाण्यात. भांडायले गेलो तर म्हणते, ते तर बायोप्सीचं असेल. कागदावर कल्चर लिहिलेलं त्यायच्याच अक्षरात!

नंतर सहा महिन्यांनी पुन्हा उघडावं लागलं. त्या वेळी मी ओटीच्या दारात उभा राहून विचारलं, डबीत काय आहे. लोक हसले, हसू द्या.

आणि एक गंमत, हसावं की रडावं अशी. त्या वेळी स्टॅफ नावाचा जंतू निघाला, डॉक्टरनं दुसऱ्या एका गोळीसोबत रिफाम्पिसिन लिहून देलं. गावातला मेडिकलवाला चिठ्ठी पाहून मोठ्यानं म्हणते, काय हो टीबी झाला काय? दुकानात चार जण उभे. त्यात त्या गोळीनं लघवी लाल केशरी होते, ते साळ्यानं घाबरून शेजारच्याले सांगितलं. झालं, आठ दिवस त्याच्या घरी कोणी चहाले नाही आलं. ती गोळी टीबीत वापरतात हे खरं पण स्टॅफच्या बायोफिल्मवर पण ती चालते, दुसऱ्या औषधाच्या जोडीनं, एकटी कधीच नाही, एकटी देल्ली की जंतू लवकर तिले दाद देत नाही. हे मला डॉक्टरनं समजावलं, मी मेडिकलवाल्याले समजावलं, पण तोपर्यंत गावभर झालं होतं.

टवाळ_पोट्टा

काकूले सांगा रॉड फेकू नका, टायटॅनियमचा असेल तर भंगारवाला चांगला भाव देईन. नाहीतर कोठ्यात ढोर बांधायची खुंटी 😂

अगारप्लेट

@टवाळ_पोट्टा मस्करी ठीक आहे पण ते भंगारात द्यायची वस्तू नाही. बायोमेडिकल वेस्टचे 2016 चे नियम आहेत, त्यात शरीरातून काढलेलं धातूचं इम्प्लांट निळ्या गटात येते, फुटलेल्या काचेच्या बाटल्यांसोबत. दवाखान्याच्या कचऱ्यातच जायले पाहिजे. पेशंटनं मागितलं तर देतात, पण मग धुऊन, निर्जंतुक करून द्यावं, असं पन्नीत रक्तासकट नाही.

पऱ्हाटीवाला

खूप खूप आभार. मायले रॉडचं सांगितलं, ती म्हणते मी उकळला आहे, तुमच्या दवाखान्यापेक्षा स्वच्छ आहे. तिच्याशी कोण भांडणार.

अगारप्लेट भाऊ, तुमचं वाचून मी तो जुना रिपोर्ट पुन्हा काढला आणि नीट वाचला, आधी फक्त नो ग्रोथ एवढंच पाह्यलं होतं. त्यावर स्पेसिमन म्हणून लिहिलं आहे "पस स्वॅब", जागेचं नाव नाही, उजवा पाय की डावा ते नाही, इम्प्लांट होतं असं कुठंच नाही. खाली "नो ग्रोथ आफ्टर 48 अवर्स ऑफ एरोबिक इन्क्युबेशन". आणि तारखा पाहा, सॅम्पल घेतलं पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी, लॅबले मिळालं तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे अडीच पावणेतीन दिवस ते कुठं होतं? पोळा, तान्हा पोळा, सगळे सुट्टीवर, ते तिथंच टेबलावर नाहीतर फ्रीजमध्ये पडून असेल. मी तेव्हा बैल धुऊन राहिलो होतो, मला काय माहीत.

बाबाले तेव्हा इंजेक्शन पण चालू होते, ऑपरेशनच्या आधी पाच दिवसांपासून. आणि हो, बाबाले शुगर पण आहे, गोळी चालू आहे.

नाईट_ड्युटी

मी मायक्रोबायोलॉजीची रेसिडेंट आहे, मूळची कोल्हापूरची, सध्या विदर्भात, आणि आत्ता रात्रीचे अडीच वाजलेत म्हणून लांब लिहिणार आहे, सहन करा.

पऱ्हाटीवाला दादा, तुम्ही रिपोर्ट जसा वाचलात तसा फार कमी लोक वाचतात, डॉक्टरसुद्धा कधीकधी खालची ओळ बघतात आणि पान उलटतात. तुमच्या त्या एका कागदात निदान चार गोष्टी अशा आहेत ज्यामुळे जंतू असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो. स्वॅब होता, टिश्यू नव्हता. अँटिबायोटिक पाच दिवस आधीपासून चालू होतं. सॅम्पल अडीच दिवसांहून जास्त पडून राहिलं, खरं तर असं सॅम्पल दोन तासांच्या आत पोचावं अशी आमची अपेक्षा असते. आणि 48 तासांनी प्लेट फेकून दिली, तीही फक्त हवेत वाढणाऱ्या जंतूंसाठी लावलेली.

या शेवटच्या गोष्टीवर थोडं थांबते. इम्प्लांटवर बसणारे काही जंतू अतिशय आळशी असतात. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस म्हणून एक आहे, आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर असतो, मुरुमांशी संबंध असलेला तोच, खांद्याच्या ऑपरेशनमध्ये जास्त सापडतो. त्याला ऑक्सिजन नको असतो आणि तो उगवायला दहा दिवस सुद्धा घेतो. म्हणून इम्प्लांटचं सॅम्पल आहे असं लॅबला कळलं तर आम्ही प्लेट आणि ब्रॉथ (जंतू वाढवायचं पातळ द्रव) 14 दिवस ठेवतो, हवेत आणि बिनहवेत दोन्ही. पण कागदावर नुसतं पस स्वॅब लिहिलं असेल तर आम्हाला कसं कळणार? आम्हाला पेशंट दिसत नाही, आम्हाला फक्त ती डबी आणि तो कागद दिसतो. फॉर्मवर "नडगीत रॉड होता, दोन वर्षे, छिद्रातून पाणी, शुगर, अमुक औषध अमुक तारखेपर्यंत" एवढं कोणी लिहून दिलं ना, तर मी त्या माणसाला चहा पाजीन.

आता पुढचं. हे मी डॉक्टर म्हणून ऑनलाइन ट्रीटमेंट देत नाहीये, तुमच्या यवतमाळच्या सरांना विचारायचे प्रश्न देतेय. त्यांनी इम्प्लांटच्या कल्चरचं पहिल्याच भेटीत विचारलं म्हणजे त्यांना यातलं कळतं. रॉड निघाल्यावरही पाणी येतंय म्हणजे हाडात मेलेला तुकडा किंवा पोकळी राहिली असू शकते, त्यासाठी ते एक्स-रे, कदाचित सीटी किंवा एमआरआय सांगतील. रक्तात सीआरपी आणि ईएसआर (शरीरातली सूज दाखवणाऱ्या तपासण्या) बघतील, पण ते दोन्ही नॉर्मल आले म्हणून इन्फेक्शन नाही असं होत नाही, जुन्या चिघळलेल्या केसमध्ये ते नॉर्मल पण असतात. मग जर उघडून हाड खरवडायचं ठरलं तर त्याआधी अँटिबायोटिक दोन आठवडे बंद ठेवायचं का हे विचारा. पेशंटला ताप नाही, पाय लाल होऊन सुजलेला नाही, अशी स्थिती असेल तर बरेच सर्जन बंद ठेवतात. पण स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि त्या दोन आठवड्यांत थंडी वाजून ताप आला किंवा पाय लाल होऊन सुजला तर वाट बघत बसू नका.

सॅम्पल घेताना अगारप्लेट यांनी सांगितलं तसंच, पाच जागचे पाच तुकडे. त्याशिवाय एक वेगळा हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघायला, तो मात्र फॉर्मलिनमध्येच जातो. बारदाना काकांच्या बाबतीत जे झालं ते याच गोंधळातून होतं, एकाच ऑपरेशनमध्ये दोन्ही प्रकारच्या डब्या लागतात आणि कोणीतरी अदलाबदल करतो. साधा उपाय म्हणजे ऑपरेशनच्या आधीच डब्यांवर नाव आणि तपासणी लिहून ठेवणं.

आणि एक गोष्ट आपल्याकडे विसरायची नाही. टीबी. हाडाचा टीबी असाच निवांत, न दुखता, पाणी काढत बसतो. म्हणून एका तुकड्याची टीबीची तपासणी मागा, सीबीनॅट म्हणजे जीनएक्स्पर्ट सरकारी दवाखान्यात फुकट होते, दोनेक तासांत मशीन उत्तर देतं. लिक्विड कल्चर मात्र 42 दिवस ठेवावं लागतं. शिवाय टीबीचेच चुलतभाऊ असलेले काही जंतू आहेत, मायकोबॅक्टेरियम फॉर्चुइटम, ॲबसेसस वगैरे, पाण्यात मातीत राहणारे, नीट निर्जंतुक न झालेल्या उपकरणांतून जखमेत जातात, दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बेंबीजवळ महिन्याभराने गाठी येऊन पाणी सुटतं त्या केसेस बऱ्याचदा याच्या. नेहमीच्या टीबीच्या गोळ्या यांच्यावर नीट चालत नाहीत. कल्चर न करता "टीबीच असेल" म्हणून सहा महिने गोळ्या खाणारे लोक मी इथे बघितले आहेत.

सोनिकेटर प्रत्येक ठिकाणी नसतो, आधी फोन करून विचारा. पण आता तुमच्याकडे सोनिकेट करायला काही उरलंही नाहीये, आईंनी काम चोख केलंय 🙂 पाच टिश्यू नीट गेले तरी खूप आहे. यवतमाळ, सेवाग्राम, अकोला, नागपूर, जिथे मेडिकल कॉलेज तिथे मायक्रोबायोलॉजी डिपार्टमेंट असतंच. जाण्याआधी सॅम्पल किती वाजेपर्यंत घेतात आणि सुट्टीच्या दिवशी कोण घेतं हे विचारून ठेवा.

संत्र्याची_आई

मी वरूडकडची. विषय रॉडचा आहे पण माझ्या सासूबाईंचं पण असंच काहीसं झालं म्हणून विचारते, नाईट ड्युटी ताई तुम्ही जाग्या आहात तोवर.

सासूबाईंना डायलिसिससाठी मानेत नळी आहे. मागच्या महिन्यात डायलिसिस सुरू झालं की अर्ध्या तासात हुडहुडी भरायची, घरी आलं की उतरायची. शेवटी ती नळी काढली, टोक कापून कल्चरला पाठवलं, त्यात स्टॅफ आला, औषध झालं, आता बऱ्या आहेत. पण त्याच वेळी त्यांची लघवीची नळी पण बदलली, मी म्हटलं एवढं केलंच आहे तर हिचं पण टोक पाठवू, मी स्वतः लॅबमध्ये घेऊन गेले तर त्यांनी घेतलंच नाही! म्हणे हे आम्ही करत नाही. मला तर वाटलं डबीत पाणी कमी होतं म्हणून की काय. एका नळीचं करतात, दुसऱ्या नळीचं नाही, हे काय प्रकरण आहे?

नाईट_ड्युटी

ताई, लॅबने अगदी बरोबर केलं, त्यांच्यावर रागावू नका.

लघवीच्या नळीचं टोक म्हणजे ज्या मार्गाने ती बाहेर येते तिथले सगळे जंतू पुसून घेऊन येणारी वस्तू. त्यावर कायम काहीतरी उगवणारच, चार दिवस नळी असली तरी. त्या रिपोर्टवरून लघवीत इन्फेक्शन आहे की नाही काहीच कळत नाही, उलट नको ती औषधं सुरू होतात. म्हणून लॅब ते टोक नाकारतात. लघवी तपासायची असेल तर जुनी नळी काढून नवी टाकायची आणि नव्या नळीतून थेट लघवी घ्यायची, पिशवीतली नाही. पिशवीतली लघवी म्हणजे शिळं पाणी.

रक्ताच्या नळीचं वेगळं आहे. ती त्वचेतून आत शिरते आणि तिचं टोक रक्तात असतं, तिथे खरं तर काहीच नसायला हवं. ते टोक साधारण 5 सेंटीमीटर, कोरड्या निर्जंतुक डबीत, सलाइन वगैरे काही न टाकता. पाणी कमी होतं म्हणून नाकारलं असेल असं तुम्ही म्हणालात ना, उलट आहे, पाणी घातलं असतं तर तेही खराबच. आम्ही ते टोक ब्लड अगारवर, म्हणजे जंतू उगवायच्या प्लेटवर, लाटण्यासारखं मागेपुढे फिरवतो आणि दुसऱ्या दिवशी ठिपके मोजतो. 15 किंवा त्याहून जास्त कॉलनी आल्या तर ती नळी जंतूंनी भरलेली होती असं धरतात, ही माकी नावाच्या डॉक्टरची पद्धत, 1977 पासूनची, अजून चालू आहे. दोन चार ठिपके आले तर ते बहुतेक काढताना त्वचेवरून लागलेले.

पण नुसतं टोक पाठवून उपयोग नाही, सोबत रक्ताचं कल्चर हवंच. आणि नळी काढायची नसेल, डायलिसिसवाल्यांना नवीन जागा मिळणं अवघड असतं म्हणून, तर एकाच वेळी नळीतून आणि हातातून, दोन्हीकडून तेवढंच रक्त घेऊन मशीनमध्ये लावतात, बाटलीत जंतू वाढले की मशीन वाजतं. नळीतल्या रक्ताची बाटली हातातल्यापेक्षा दोन तास किंवा जास्त आधी वाजली तर मूळ नळीत आहे असं धरतात. हे करायला रक्ताच्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवायच्या नसतात, हे पण सांगून ठेवते, मी रोज कोणाला ना कोणाला सांगते. आणि पेशंटला काहीच त्रास नसताना उगाच प्रत्येक काढलेल्या नळीचं टोक पाठवायचं नाही, त्रास असेल तरच.

संत्र्याची_आई

अच्छा, लाटण्यासारखं! आता डोक्यात बसलं. त्यांच्या रिपोर्टवर "मोर दॅन 15 सीएफयू" (म्हणजे तेच ठिपके) असं होतं, मी समजत होते 15 प्रकारचे जंतू निघाले, घरी सगळ्यांना तसंच सांगितलं होतं 🙈

बारदाना

@संत्र्याची_आई 15 प्रकारचे 😂 सासूबाई ऐकून काय म्हणाल्या?

@नाईट_ड्युटी ताई एक विचारू? आमच्या साळ्याच्या दुसऱ्या वेळच्या रिपोर्टमध्ये पाच डब्यांपैकी तीनमध्ये एक स्टॅफ होता आणि एका डबीत वेगळाच कोणतातरी. डॉक्टरनं त्या एकाले मोजलंच नाही. बरोबर केलं ना?

नाईट_ड्युटी

रिपोर्ट न बघता हो म्हणत नाही, कारण एखादा जंतू असा असतो की तो एका डबीत आला तरी दुर्लक्ष करता येत नाही, स्टॅफ ऑरियस किंवा टीबी तसे. पण त्वचेवरचा साधा एखादा, पाचातल्या एकाच डबीत, तर बहुतेक पाहुणाच.

पऱ्हाटीवाला

मंडळी, अपडेट. उशीर झाला, मध्ये पऱ्हाटीची वेचणी चालू होती आणि मजूर भेटत नव्हते.

यवतमाळच्या सरले तुमचे सगळे प्रश्न कागदावर लिहून नेले. त्यानं कागद पाह्यला, विचारलं घरात कोणी डॉक्टर आहे काय, मी म्हणलं नाही सर, मोबाईलवर आहेत. हसला. सीटीमध्ये हाडाच्या आत मेलेला बारीक तुकडा दिसला, ज्वारीच्या दाण्याएवढा म्हणाला. औषध दोन आठवडे बंद ठेवलं, शुगर कंट्रोल केली, मी रोज सकाळ संध्याकाळ बाबाचा ताप पाहून वहीत लिहीत होतो, बाबा वैतागले. मग या सोमवारी उघडलं. मुद्दाम सोमवार घेतला, सर म्हणाला पुढं सुट्ट्या नको.

डब्या आदल्या दिवशीच मी आणि सिस्टरनं लिहून ठेवल्या. पाच कल्चरच्या, एक टीबीची, एक फॉर्मलिनची, तिच्यावर मी लाल पेनानं मोठ्ठा गोल केला बारदाना काकांची आठवण काढून. बाहेर आल्यावर सातही डब्या मी मोजून घेतल्या आणि बावीस मिनिटांत मेडिकल कॉलेजच्या लॅबमध्ये पोचलो. तिथल्या ताईनं फॉर्म वाचला, सरनं खरंच सगळं लिहून देलं होतं, रॉड कधी टाकला कधी काढला, औषध कोणत्या तारखेपासून बंद, 14 दिवस ठेवा. ती म्हणाली असा फॉर्म रोज यावा. चहा मात्र नाही पाजला.

सीबीनॅट निगेटिव्ह आली. बाकीचं आज तिसरा दिवस, मी सकाळी फोन केला तर म्हणते अजून काही नाही. टेन्शन येऊन राहिलं. पुन्हा नो ग्रोथच आला तर?

अगारप्लेट

अबे तिसऱ्या दिवशी काय फोन करता! बेंचवरचा माणूस काम सोडून फोनवर येते आणि तेवढ्यात त्याच्या हातातली प्लेट उघडी राहते. पाच दिवसांनी करा, मग दहा, मग चौदा. आणि पुन्हा नो ग्रोथ आला तर तो त्या पोळ्याच्या स्वॅबसारखा नो ग्रोथ नसेल, या वेळी त्याच्यावर विश्वास ठेवता येते. शिवाय हिस्टोपॅथचा रिपोर्ट वेगळा येतेच, त्यात पण दिसते आत पस पेशी आहेत की नाही.

पऱ्हाटीवाला

ठीक आहे, नाही करत. पाणी मात्र ड्रेसिंगवर कालपासून नाही. आणि मायनं त्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या तुकड्याबद्दल विचारलं, तो पण घरी देतात काय म्हणून.